भात्याचा जोर

थोरल्या मुलीला जुळं झालं त्या वर्षी, एका सकाळी, लोहारणीने दवाखान्यात रबराची पिशवी हातात घेतली आणि दाबली. खाटेवर तिचा नवरा होता. पोटाचं ऑपरेशन झालेलं, घशात नळी, नळीला ती पिशवी जोडलेली. श्वास देणारं यंत्र मध्येच बंद पडलं होतं, आणि पिशवी दाबणाऱ्या सिस्टरला दुसरं यंत्र आणायला धावायचं होतं.

“मावशी, अशी दाबत राहा. मी आलेच.”

हे काम तिला नवं वाटलं नाही. लग्न होऊन आली तेव्हापासून ती भट्टीचा भाता ओढत होती आणि नवरा ओरडत होता, “जोर लाव! जेवली नाहीस का?” तिने दोन्ही हात लावले. छाती वर आली. तिला धीर आला. तिने आणखी जोर लावला.

सिस्टर यंत्र ढकलत परतली तेव्हा लोहाराची मान फुगली होती, ओठ निळे पडले होते. तिने त्याच्या गळ्यावर बोटं टेकली. कातडीखाली सुका पाचोळा असावा तसं कुरकुरलं.

“फुप्फुसातून हवा सुटलीय. डॉक्टर!”

डॉक्टरांनी बरगड्यांमधून नळी घातली. हवा सुस्कारा टाकत बाहेर पडली. हळूहळू ओठांचा रंग परतला.

“असं क्वचित होतं,” ते म्हणाले. “पिशवी तुमच्या हातात द्यायलाच नको होती. चूक आमची आहे.”

ती दोन्ही हात काखेत दाबून भिंतीशी उभी राहिली.

लोहार बोलू लागला तेव्हा तिनेच त्याला सगळं सांगितलं, मान खाली घालून.

“जन्मभर सांगत आलो, जोर लाव,” तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. “ऐकलंस कधी, तर आत्ता!”

सिस्टर खुदकन हसली. त्यालाही हसू आलं, तशी त्याने बरगडी धरली. लोहारीण हसली नाही.

घरी भट्टी पुन्हा पेटली त्या दिवशी ती भात्याशी बसली आणि दांडा बोटांनी धरून हलकेच ओढला. निखारे नुसते धुमसत राहिले. कुदळीला धार लावून घ्यायला आलेलं गिऱ्हाईक दारात ताटकळलं होतं.

“काय हो, लोखंड तापणार कधी?”

“तापेल की,” लोहार म्हणाला. “घाई असेल तर उद्या या.”

त्याने हातोडा खाली ठेवला आणि तिच्या शेजारी टेकला.

त्या भट्टीत लोखंड पुढे उशिराच तापत राहिलं. ‘जोर लाव’ हे शब्द तिथे पुन्हा कुणी ऐकले नाहीत. जुळी शाळेत जायला लागली त्या साली, उन्हाळा सरताना, लोहार झोपेत वारला.