टाकीतला गंज

पंप बंद पडला तेव्हा संघरत्ना भेंडीच्या शेवटच्या ओळीत पाणी वळवत होती. आधी आवाज फाटला, मग इंजिनाने ठसके दिले आणि मग नुसती शांतता. पाटातलं पाणी वीतभर पुढं सरकलं आणि मातीत जिरून गेलं. तिने फावडं तिथंच टाकलं आणि नदीकडे चालू लागली. धावत जायचे दिवस कधीच गेले होते.

काळू नदीच्या काठाला एका खड्ड्यात तो पेट्रोलवरचा जुना पंप बसवलेला होता. उन्हाळ्यात नदी खाली जाते, वरून पाणी खेचत नाही, म्हणून तिच्या बाबांनी, जयरामने, हा खड्डा खणला होता. दोन वर्षांपूर्वी लकव्याने जयरामची उजवी बाजू गेली, तेव्हापासून पंप संघरत्नाच्या गळ्यात पडला. विजेची लाइन शेतापर्यंत आलेली नव्हती आणि सरकारी सोलर पंपाचा नंबर लागत नव्हता. खड्ड्यात उतरलं की वारा लागत नसे. चारी बाजूंना माती, वर आभाळाचा एक तुकडा आणि नाकात पेट्रोलचा वास.

तिने चोक ओढून दोरी मारली. इंजिन सुरू झालं. चोक सोडला तसं गुदमरून बंद पडलं. म्हणजे नेहमीचंच, पेट्रोल सोडणारं बारीक भोकाचं जेट तुंबलं होतं. पेट्रोलचा कॉक बंद करून तिने कार्बोरेटरच्या खालची वाटी सोडवली. वाटीच्या तळाशी तपकिरीसारखी बारीक भुकटी बसली होती. टाकी आतून गंजली होती, तो गंज पेट्रोलबरोबर खाली उतरत होता आणि त्या सुईएवढ्या भोकात जाऊन बसत होता. साफ केलं की पंप फार तर आठवडाभर चाले. मग पुन्हा हेच.

"चालू होतो का गो?" वरून आई विचारत होती. चिमाबाई पाण्याची बाटली घेऊन खड्ड्याच्या कडेला उभी होती.

"होईल."

"तू हायस म्हणून. तू नसतीस तर आमी काय केला असता?"

हे वाक्य संघरत्नाने इतक्या वेळा ऐकलं होतं की आता ते अंगाला घट्ट बसायला लागलं होतं, धुऊन आटलेल्या कपड्यासारखं. कल्याणच्या एका दवाखान्यातून फोन आला होता, सोमवारपासून नर्स म्हणून ये. ट्रेनिंगच्या वेळच्या मॅडमनी तिचं नाव आठवणीने सुचवलं होतं. ती हो म्हणाली नव्हती, नाहीही म्हणाली नव्हती. भाऊ बुद्धभूषण टिटवाळ्याला राहायचा. घरचं बघायला येशील का विचारलं तर म्हणाला, "मी सुट्टी काढली तर नोकरी जाल माझी. तूच बघ ना." सगळे तिलाच बघायला सांगत होते. बाबांना उठवायचं, भेंडी तोडायची, टेम्पोवर घालायची आणि हे इंजिन. कधीकधी पंपाला लाथ घालावीशी वाटे. एकदा घातलीही होती.

जेट सोडवताना आज पेचकस सटकला आणि पितळी जेटची खाच तुटली. आता तार घालून भागणार नव्हतं. हात पेट्रोलने माखलेले, म्हणून तिने आईला फोन लावायला सांगितलं. शहापूरला वाळू मिस्त्रीचं पंप आणि फवारणी यंत्रं दुरुस्त करायचं दुकान होतं. चिमाबाईने फोन स्पीकरवर टाकून खड्ड्यात धरला.

"जेट देतो गो," वाळू म्हणाला, "पण तू जेट किती बदलशील? टाकी ने ना. शिमग्याच्या आधीपासून काढून ठेवलीय तुझ्यासाठी. आतून एकदम साफ. दोनदा फोन केला तुला. गिऱ्हायका मागतान, तरी मी देत नाय."

"येते उद्या," संघरत्ना कशीबशी म्हणाली.

फोन बंद झाला. चिमाबाई हळूच कडेला बसली.

"तू तर बोललीस, जुन्या पंपाची टाकी आता भेटत नाय."

संघरत्ना हातातली वाटी पुसत राहिली. ती केव्हाच कोरडी झाली होती.

"भूषणची बायको मला तोंडावर बोलली, पोरीला तुमी अडकवून ठेवलाय. मला वाटला, खराच हाय ता. झोप लागत नाय गो मला. आणि टाकी तिथं तयार?"

आईचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. खड्ड्यातून वर यायला एकच वाट होती आणि तिथंच आई बसली होती.

"मला भ्या वाटते, आये," संघरत्ना म्हणाली.

मग तिने सांगितलं. पहिल्या नोकरीत एका म्हाताऱ्या बाईच्या हाताला शीर सापडेना. दोनदा टोचलं, तिसऱ्यांदाही सुई चुकली. ती बाई ओरडली आणि मोठ्या सिस्टरने सगळ्या वॉर्डासमोर सुई हातातून काढून घेतली. त्यानंतर रोज सकाळी ड्यूटीला निघताना तिला उलटी व्हायची. अशातच बाबा पडल्याचा फोन आला. ती रडली, खूप रडली. पण बॅग भरताना छातीवरचा दगड उतरल्यासारखा वाटला, आणि ते तिने कुणालाच सांगितलं नाही. पंप बंद पडत होता तोवर कुणी काही विचारत नव्हतं. ती पंपाला शिव्या देत होती, भावाला देत होती, मनातल्या मनात आईलाही देत होती. टाकी बदलली की हे निमित्त संपेल हे तिला कळत होतं आणि ते स्वतःला कळू द्यायचं नव्हतं.

चिमाबाईने तिला जवळ घेतलं नाही. पदर झटकून ती वाटेतून बाजूला सरली.

"आता काय करायचा?" तिने विचारलं.

"टाकी आणते."

दुसऱ्या दिवशी किन्हवलीवरून शहापूरला जाऊन तिने टाकी आणली, जेट आणलं, नवी नळी आणली. दुपारी खड्ड्यात उतरून तिने सगळं बसवलं. दोरी मारली, चोक सोडला. इंजिन एका सुरात चालू लागलं.

आणि ते बंदच पडेना. एक दिवस गेला, दुसरा गेला. संघरत्ना पाणी वळवता वळवता थांबायची, ठसका येतोय का ऐकायची. येत नसे. इतके महिने ज्या आवाजासाठी जीव टाकला, तोच आता तिच्या मागे लागला होता. आता बोट दाखवायला काही उरलं नव्हतं. सोमवार जवळ येत होता आणि घरात कुणी जा म्हणत नव्हतं, राहा म्हणत नव्हतं.

शनिवारी चिमाबाई पदर खोचून खड्ड्यात उतरली.

"मला दाखव."

"काय?"

"ता सगळा. काबरेटर. कचरा काय टाकीतूनच येतो? उद्या अडला तर कोण बघल?"

संघरत्नाने पंप बंद केला आणि वाटी सोडवून दाखवली. पेचकस कसा धरायचा, जेटमधून आरपार उजेड दिसला पाहिजे, फुंकर कुठून मारायची. चिमाबाईची बोटं जाड, भेगाळलेली. जेट तिच्या हातून निसटलं आणि रेतीत पडलं. दोघी गुडघ्यांवर बसून चाचपत राहिल्या. सापडेना. शेवटी चिमाबाई घरी जाऊन चाळण घेऊन आली आणि खड्ड्यातली रेती त्यांनी चाळून काढली. जेट चाळणीत खणकन वाजलं.

"आता बसव," संघरत्ना म्हणाली.

बसवायला चिमाबाईला वेळ लागला, पण तिने कुणाला हात लावू दिला नाही. दोरीच्या पहिल्या झटक्याला ती पुढं पडता पडता वाचली. दुसऱ्याला इंजिन नुसतं शिंकलं. तिसऱ्याला सुरू झालं. चिमाबाई एवढी दचकली की दोरी तिच्या हातातच राहिली, आणि मग पदर तोंडाशी धरून ती हसायला लागली.

घरी जयराम खाटेवर पडून होता. पंपाचा आवाज वाडीपर्यंत यायचा आणि बंद-चालू तो कानाने ओळखायचा.

"को...ण?" त्याने विचारलं.

"आयनं चालू केला, बाबा."

त्याने डाव्या हाताने खाटेच्या कठड्यावर एक थाप मारली. पुन्हा एक मारली.

सोमवारी सकाळी सरळगावच्या नाक्यावर मुरबाडवरून कल्याणला जाणारी जीप उभी होती. संघरत्ना मागच्या बाकावर कोपऱ्यात बसली, बॅग मांडीवर. चहासुद्धा आत राहिला नव्हता. जीप भरल्याशिवाय सुटणार नव्हती आणि ती भरत नव्हती. ड्रायव्हर "मुरबाड, कल्याण" ओरडत बाहेर फिरत होता. अजून उतरता येईल, तिच्या मनात येत होतं. काहीतरी विसरलं म्हणायचं. बाबांना बरं नाही म्हणायचं.

मग करवंदाची टोपली घेऊन एक बाई चढली. तिच्या मागून दोन कॉलेजची पोरं, एक म्हातारा, त्याची सून, सुनेच्या कडेवर मूल. "सरका गो जरा, सरका," बाई म्हणाली आणि टोपली संघरत्नाच्या पायांवरच ठेवली. ड्रायव्हरने बाहेरून दार आपटलं. आतून ते उघडत नव्हतं. आता उतरायचं म्हटलं तर सगळ्यांना उठवावं लागलं असतं.

संघरत्नाने बॅग छातीशी धरली आणि खांदा चोरून त्या म्हाताऱ्याला थोडी जागा करून दिली. जीप हलली.