कडी आतून

मी दरवाजा बोलतोय. कोणाच्या घरचा, असं तुम्ही विचाराल. तेच तर माझं दुखणं! कित्येक वर्षं मी कोणाच्याच घरचा नव्हतो.

माझा जन्म तुरुंगातल्या सुतारकामाच्या वर्गात झाला. हॉलच्या मधोमध एक चौकट उभी केली, तिला टेकू दिले आणि शिकण्या-शिकवण्यासाठी मला तिच्यात बसवलं. अलीकडे भिंत नाही, पलीकडे भिंत नाही. माझ्यातून गेलं काय आणि वळसा घालून गेलं काय, माणूस पोचायचा तिथेच. नवी तुकडी आली की माझ्या बिजागऱ्या काढायची, पुन्हा बसवायची, भोकं बुजवायची आणि शेजारी नवी पाडायची. अंगाची पार चाळण झाली. पण सांगता कोणाला?

कैदी माझी थट्टा करायचे. एक म्हातारा मात्र रोज सकाळी माझी मूठ फिरवून आत यायचा आणि हळूच म्हणायचा, "आलो गं." त्याला कोणी हसायचं नाही. मला वाटायचं, एकदा तरी माझ्यामागे खरंच कोणी असावं.

शिकवायला एक मिस्त्री बाहेरून यायचे. तोंडाने फटकळ, पण हात धरून शिकवणारे. त्यांच्या वर्गात एकदा घुम्या आला. कधी चार शब्द धड बोलायचा नाही, म्हणून सगळे त्याला घुम्याच म्हणायचे. भांडणात त्याच्या हातून एका माणसाचा जीव गेला होता. तो आत असताना बायको आजारपणात गेली आणि लहानगी मुलगी तिच्या मावशीकडे वाढू लागली. मावशीने स्पष्ट कळवलं होतं, हाताला काम आणि डोक्यावर छप्पर झालं की पोर पाठवीन, त्याआधी नाही. माझी कड रंध्याने साफ करता करता त्याने हे मिस्त्रींना सांगितलं. तेव्हापासून मी त्याच्या बाजूचा झालो.

परीक्षेच्या दिवशी त्याने मला असं बसवलं की चारही बाजूंची फट सारखी. मिस्त्री खुशीत माझ्यावरून हात फिरवत होते, तो हात मध्येच थांबला. कडी बाहेरच्या अंगाला लावली होती! बाकी सगळ्यांनी ती पाहिली होती, पण कोणालाच काही चुकल्यासारखं वाटलं नव्हतं. एरवी मिस्त्रींनी त्याची खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी आवाज खाली आणून म्हणाले, "अरे, घराचं दार आहे हे. कडी आतून." घुम्याने मान खाली घातली आणि एकेक स्क्रू काढायला घेतला.

पुढे तो प्रमाणपत्र घेऊन सुटला. त्याच्या बातम्या मिस्त्रींकडून कळायच्या. काम कुठे शिकलास, असं जो तो विचारायचा, हा खरं सांगायचा, आणि समोरचा "कळवतो" म्हणून वाटेला लावायचा. चपला झिजल्या बिचाऱ्याच्या. शेवटी मिस्त्रींनी एका ठेकेदाराकडे शब्द टाकला, तेव्हा कुठे काम मिळालं. मग भाड्याच्या दोन खोल्याही मिळाल्या. आतल्या खोलीला दार नव्हतं, नुसता पडदा.

इकडे वर्गात नवा दरवाजा आला आणि मी भंगारात. घुम्याने रीतसर परवानगी काढून मला मागून घेतलं. टेम्पोत पडल्या पडल्या मी रस्ते बघितले, झाडं बघितली. त्याने माझं एकेक भोक भरलं, पॉलिश केलं आणि मला आतल्या खोलीला बसवलं. आयुष्यात पहिल्यांदा मला भिंत मिळाली हो! मिस्त्रींना आत उभं करून त्याने कडी लावायला सांगितली आणि बाहेरून जोर लावून पाहिलं. मी जागचा हललो नाही. "मुलगी मोठी झालीय. तिला तिची जागा हवी," तो म्हणाला. घुम्याच्या मानाने हे भाषणच झालं.

महिन्यापूर्वी मावशी मुलीला घेऊन आली आणि त्याच दुपारी परतली. पोर गुणी आहे, उलट बोलत नाही. पण बापाला "तुम्ही" म्हणते, तेही त्याच्याकडे न बघता. शाळेतून आली की आत जाते आणि कडी लावते. मला पाठ टेकून बसते. बाहेर त्याची पावलं वाजली की वाचता वाचता थांबते, हे मला कळतं. तोही माझ्यापाशी येतो, उभा राहतो आणि परत फिरतो. दोघांच्या मध्ये मी. इतका जीव तुटतो माझा!

आज संध्याकाळी त्याने ताट वाढलं आणि धीर करून माझ्यावर टकटक केली.

"कोण?" आतून आवाज आला.

घरात माणसं दोनच. कोण ते तिला ठाऊक होतं, तरी विचारलं. दिवसभर लोकांच्या दारात तो जे उत्तर देतो, तेच त्याच्या तोंडून बाहेर पडलं.

"सुतार."

ती उठली. तिचा हात कडीवर आलाय, मला गार लागतोय. पण कडी सरकत नाही. तिने पुन्हा विचारलं, या वेळी अगदी हळू, "कोण?"

बोल रे घुम्या. एवढा एकच शब्द बोल. मला घर हवंय.