नववीतली नवरी

रामटेकच्या अलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेल्या त्या गावात तिशी उलटलेली बिनलग्नाची पोरं घरोघर होती. रुख्मिणीचा मुलगा ऋषिकेश त्यांतलाच. निर्व्यसनी, शेतात राबणारा. पण किती गावं पालथी घातली तरी त्याला पोरगी मिळेना. शेवटी रुख्मिणीच्या सासूने, कौसल्याबाईने, कवडू नावाचा मध्यस्थ गाठला. "मध्य प्रदेशातली, बालाघाटकडची पोरगी आनतो," तो म्हणाला, आणि एका दुपारी खरंच घेऊन आला.

पोरगी ओसरीवर भिंतीला टेकून बसली. रुख्मिणीने पाणी दिलं, तर तिने दोन्ही हातांनी गिलास धरून एका दमात संपवला.

"नाव काय वं तुझं?"

"पिंकी."

"शाळेत जात होती?"

"नौवीं में हूँ." मग पोरीने हळूच विचारलं, "मम्मी बोली, शादी में जाना है. किसकी शादी है, आंटी?"

रुख्मिणीच्या कानशिलांत जाळ उठला. ती तशीच उठून कौसल्याबाईसमोर उभी राहिली. "आत्याबाई, लेकरू हाये ते. परत पाठवा."

"वाढते ना बाई पोरीची जात," कवडू हसला.

"तुले काय समजते?" कौसल्याबाई करवादली. "गावात पोरी हायेत कुठं? देवानं पोरी देनंच बंद केलं, त्याले कोन काय करन!"

"देवानं?" रुख्मिणीचा आवाज चिरकला. "देवानं मले दोन देल्या होत्या. तुमी मले नागपूरले नेलं, दोन्ही खेपेले. मागच्या दारानं दवाखान्यात घातलं, अन् घरी आल्यावर सांगितलं, कोनापाशी बोलू नोको. त्या असत्या तर आज लग्नाच्या झाल्या असत्या. आपल्या पोरी मारल्या, अन् आता दुसऱ्याची लेक चोरून आनता?"

"हळू बोल, शेजारी आयकतीन," तिचा नवरा मनोहरराव खाटेवरून म्हणाला.

"आयकू द्या! त्यांच्या घरी काय येगळं झालं?"

ऋषिकेश दारात उभा होता. हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. "बाबा, खरं हाये का हे?"

मनोहररावने भिंतीकडे कूस बदलली.

रुख्मिणीने पिंकीचा हात धरला. कवडू आडवा आला, तशी ती म्हणाली, "पोलीस पाटलाले बोलावू का?" तो बाजूला सरकला. ऋषिकेशने मोटरसायकल काढली आणि दोघींना रामटेकच्या बसस्टँडवर सोडलं.

पिंकीच्या गावी पोचल्यावर, पोरीला बघून तिच्या आईला आनंद होईल असं रुख्मिणीला वाटलं होतं. ती बाई दारातच थबकली. "वापस क्यों लाई?" तिने विचारलं. रुख्मिणीला तिचाही राग आला, आणि आत डोकावणाऱ्या पिंकीच्या धाकट्या बहिणी पाहून तो कुणावर काढावा तेही कळेना. तिने तिथल्या अंगणवाडीच्या बाईला गाठलं, सगळं सांगितलं, पिंकीला पुन्हा शाळेत पाठवायचं आईकडून कबूल करून घेतलं, तेव्हाच ती उठली.

रुख्मिणी परतली तोवर गावात बभ्रा झाला होता. कौसल्याबाईने तिच्या हातचं पाणी सोडलं. ऋषिकेश आईशी बोलायचा, बापाशी नाही. नळावर बाया एकमेकींना कोपराने ढोसू लागल्या, आणि एकीने तोंडावरच विचारलं, "पोटच्या पोराचं लग्न मोडलं म्हनतेत वं तू?"

"मोडलं," रुख्मिणीने घागर कमरेवर घेतली. "उद्या तुह्या घरी असं लेकरू आनशीन, तर तेही मोडीन."