पाट्यावरचा मगज

मित्रांनो, नळापाशी ज्या दगडावर तुम्ही पाय घासता ना, तो मी. पाटा म्हणतात मला. पाथरवटाने मला घडवले तेव्हा आपल्या बीडवर निजामाचे राज्य होते. माजलगावच्या भामाबाईने मला घरी आणून हळदकुंकू वाहिले. चटणी वाटावी तर ह्याच पाट्यावर, असे सारी आळी म्हणायची. मी फुशारून जायचो.

उन्हाळ्यात सिंदफणेच्या वाळूत खरबुजे पिकत. भामाबाई त्यांच्या बिया वाळवून सोलायची. आतला गर, म्हणजे मगज, माझ्यावर वाटून लाडू व्हायचे, थंडाई व्हायची. एका वर्षी घरात नवी सून आली, बायना. तिच्यापुढे लाडू आला तेव्हा ती हळूच म्हणाली, "आत्या, मला ह्या बिया बाधत्यात."

"अगं, मगज कुणाला बाधतोय? लई थंड असतोय. खा."

सासूचा शब्द मोडायचा कसा? बायनाने लाडू खाल्ला. थोड्याच वेळात तिच्या अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास घरघरू लागला. भामाबाईच्या तोंडचे पाणी पळाले. उष्णता चढली, असे तिने ठरवले. आणि उष्णतेवर औषध काय, तर तोच मगज! मूठभर बिया माझ्यावर टाकून तिने वरवंटा ओढला. मला का ओरडता येत होते? जीव नुसता कासावीस झाला.

थंडाईची वाटी ओठांशी आली आणि बायनाने ती हाताने उडवून दिली. नव्या सुनेने असे करावे? भामाबाईचा हात उगारला गेला.

"मारा," बायना कशीबशी म्हणाली, "पर पाजू नगा. त्यानंच गळा दाटलाय."

हात तसाच खाली आला. भामाबाईने सुनेला भिंतीशी टेकवून बसवले आणि पदराने वारा घालत ती रडू लागली. "तू सांगत व्हतीस गं. म्याच ऐकलं न्हाई." उन्हे कलेपर्यंत सूज उतरू लागली, श्वास मोकळा झाला. मला किती बरे वाटले म्हणून सांगू!

भामाबाईने मला गरम पाण्याने घासघासून धुतले. मगज त्या घरात पुन्हा आला नाही. पुढे घरोघरी वाटायची यंत्रे आली आणि मला अंगणात नळापाशी टाकले. त्याचे वाईट वाटते, खोटे कशाला बोलू?

पण तुम्ही एवढे करा. कुणी "मला हे बाधतं" म्हटले, तर नखरे म्हणून हसू नका, आग्रह करू नका. भामाबाई पुढे प्रत्येक पंगतीत वाढण्याआधी विचारायची, "लेकरा, तुला काय बाधतंय का रं?" लोक हसायचे. बायना मात्र तिच्यामागून वाढत यायची, कडेवर लेक घेऊन.