मॉलच्या तीन पायऱ्या

गाऱ्हाणं घालताना तोंडाला येईल ते बोलायचं नसतं, हे मी तीस वर्षं दुसऱ्यांना सांगत आलोय. आणि शेवटी शेण खाल्लं ते मीच.

आमच्या गावात काहीही व्हायचं असलं की आधी रवळनाथाच्या देवळात नारळ ठेवतात. लग्न असो, नवी होडी असो, नाहीतर पोरांच्या क्रिकेटच्या मॅची. नारळ ठेवायचा आणि देवाला मोठ्याने सांगायचं, बाबा रे, असं असं आहे, सांभाळून घे. यालाच आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणतात. सांगणारा एक, आणि त्याच्या प्रत्येक वाक्याला मागून सगळ्यांनी म्हणायचं, "व्हय म्हाराजा." एकदा व्हय झालं की तो शब्द सांगणाऱ्याचा राहत नाही, गावाचा होतो. मागे घ्यायचा तर ज्याने घातला त्यानेच परत उभं राहायचं आणि गावाने परत व्हय म्हणायचं. आमच्याकडे हे काम माझ्या वडिलांकडे होतं, त्यांच्यामागे माझ्याकडे आलं. बाकी मी परशुराम, बाजारात माझं किराणा दुकान आहे. पुढे दुकान, मागे घर, दोन्हींची पायरी एकच. आवाज मोठा आहे. बायको जानकी म्हणते, तेवढाच मोठा आहे.

तर झालं असं, की बाजाराच्या तोंडावरची जुनी काजू फॅक्टरी पाडली आणि तिथे काचांची इमारत उभी राहायला लागली. आधी वाटलं बँक असेल. मग बोर्ड लागला. मुंबईची कंपनी, राज्यभर दुकानं. तांदळापासून झाडूपर्यंत सगळं एका छपराखाली आणि वर थंड हवा. खालून वर जायला काळ्या चकचकीत दगडाच्या तीन पायऱ्या. आम्ही त्याला मॉल म्हणायला लागलो.

तेव्हापासून बाजाराचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. गिऱ्हाईक समोर उभं असायचं आणि आम्ही त्याच्या डोक्यावरून त्या काचांकडे बघत असायचो. माझा शेजारी गंगाराम, त्याचं प्लास्टिक आणि वह्या-पेनांचं दुकान, तो तर दिवसातून चार वेळा उठून जाऊन बांधकाम कुठवर आलं ते बघून यायचा आणि येऊन मला सांगायचा, जसं काय मला दिसत नव्हतं. समोर रस्त्याच्या कडेला हौसाबाई बसते, लाल भाजी, कोकमं, तिरफळं घेऊन. ती म्हणाली, उद्या हे मेले माझीच भाजी पिशवीत घालून तिच्यावर थंड वारा सोडतील आणि तुम्ही रांग लावून घ्याल.

आम्ही निवेदनं दिली. एक दिवस बाजार बंद ठेवला, तर लोक निमूट शेजारच्या गावात जाऊन सामान घेऊन आले. तहसील कचेरीत गेलो, तिथल्या साहेबांनी शुद्ध मराठीत समजावलं की परवानग्या पूर्ण आहेत आणि स्पर्धा ही चांगली गोष्ट असते. गंगारामने विचारलं, साहेब, तुमच्या खुर्चीला पण लावायची काय थोडी स्पर्धा? त्यावर आमची भेट संपली. पुढच्या आठवड्यात कोणीतरी कंपनीच्या फलकाला डांबर फासलं आणि पोलीस विचारायला आले ते माझ्याकडे. मी फासलं नव्हतं. पण सुचलं का नाही, याचं वाईट वाटलं, हे खरं सांगतो.

शेवटी ठरलं, देवाच्या कानावर घालायचं. सोमवारी सकाळी सगळा बाजार देवळात जमला. मी नारळ ठेवला आणि सुरुवात केली. हयसर, ह्या बाजारात, तुझी लेकरं पोट भरतात, त्यांच्या पोटावर पाय येऊ नये, येणाऱ्याला सद्बुद्धी दे. व्हय म्हाराजा, व्हय म्हाराजा. इथवर सगळं रीतसर चाललं होतं. तेवढ्यात त्या मॉलच्या मॅनेजरची गाडी देवळासमोरून गेली, आणि गाडीतल्या माणसाने आमच्याकडे बघून हात हलवला. चांगल्या मनानेही हलवला असेल. पण माझं टाळकं सरकलं. मी नारळावरचा हात उचलला आणि ठरलेलं नव्हतं ते बोललो.

"जो कोण त्या दुकानाची पायरी चढात, गिऱ्हाईक म्हणान नायतर चाकर म्हणान, त्येच्या घराची पायरी ह्या बाजारातलो एकव माणूस चढाचो नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" असा काही आवाज झाला की देवळावरची कबुतरं उडाली. गंगारामने माझ्या पाठीवर थाप मारली. मी छाती काढून घरी आलो.

घरात जानकी भात उपसत होती, तिने मान वर केली नाही. तन्वी, आमची एकुलती एक पोर, बी. कॉम. झालेली, खिडकीत बसली होती. गेला महिनाभर ती सकाळच्या एस.टी.ने कणकवलीला कॉम्प्युटरच्या क्लासला जात होती. निदान मला तसं सांगितलं होतं. मी देवळातली सगळी गजाल रंगवून सांगितली. दोघी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, काय झालं काय तुम्हाला? तेव्हा तन्वी बोलली.

"बाबा, तो चाकर म्हणजे मी."

क्लास नव्हताच. कणकवलीत कंपनीचं ट्रेनिंग होतं. सतरा पोरींमधून ती निवडली गेली होती, हिशोबाच्या टेबलावर. पुढच्या सोमवारी हजर व्हायचं होतं. जानकीला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मला सांगायची हिंमत दोघींना होत नव्हती. मी ओरडलो. माझ्याच घरात माझ्याच पोटावर पाय, असं काहीबाही बोललो. ते सगळं आठवत नाही आणि आठवावंसं वाटतही नाही. तन्वी मात्र एकदाही आवाज न चढवता म्हणाली, "मुंबयक जावचा नाय म्हणान ही नोकरी धरलंय. आता जातंय मुंबयक."

तिच्याबरोबर दहावीला असलेली सगळी पोरं मुंबईला, नाहीतर गोव्यात. हीच एक होती, जी म्हणायची, मला इथेच राहायचंय, समुद्राचा आवाज आल्याशिवाय मला झोप येत नाही. सायकलीवरून जाता येईल असं काम गावात पहिल्यांदा आलं होतं, आणि त्याला मी देवासमोर कुलूप घातलं होतं. आता ती कामाला गेली तर माझ्या घराची पायरी कोणी चढणार नाही, आणि नाही गेली तर ती घरातच राहणार नाही. तिने विरारच्या मामाला फोन केला आणि रविवारचं तिकीट काढलं. मी दुकानात बसून साखर तांदळाच्या पोत्यात ओतली.

गुरुवारी मॉल उघडला. बाजारातलं कोणी पायरी चढलं नाही. देवाला दिलेला शब्द, मोडणार कोण? पण शुक्रवारी दुपारी मी दुकानातून बघितलं ते असं. माणसं रस्त्यावर, पायरीच्या खाली उभी राहत होती आणि दारावरच्या वॉचमनला चिठ्ठी देत होती. तो बिचारा आत जाऊन तेलाचे डबे, साबण, कणकेच्या पिशव्या आणून तीन पायऱ्या उतरून हातात देत होता. देवाचा शब्द शाबूत, आणि तेल स्वस्त! त्यात बाजारातल्या चार दुकानदारांच्या बायका होत्या. मला हसू आलं आणि रागही आला, पण राग नक्की कोणाचा ते कळेना. सगळ्यांनी वाट काढली होती. वाट बंद होती ती फक्त माझ्या पोरीची, कारण पायरीखाली उभं राहून नोकरी करता येत नाही.

त्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. शनिवारी सकाळी मी नारळ घेतला, देवळात गेलो आणि घंटा वाजवत राहिलो. गाऱ्हाणं आहे म्हटल्यावर बाजार जमला. जानकी आणि तन्वी मागे खांबाजवळ उभ्या राहिल्या. मी देवाला सांगितलं, गिऱ्हाइकाचं काय ते तू आणि गाव बघा, पण चाकराचा शब्द मी घातला होता, तो मला परत दे. आणि थांबलो.

कोणी व्हय म्हणालं नाही.

मी परत सांगितलं. परत तेच. तीस वर्षांत माझ्या गाऱ्हाण्यामागे अशी शांतता कधी पडली नव्हती. गंगाराम दीपमाळेकडे बघत होता. मी नारळावर परत हात ठेवला. मग जे खरं होतं तेच सांगितलं.

"मी रागान बोललंय, म्हाराजा. माझ्या तोंडाक कुलूप नाय."

"व्हय म्हाराजा," मागून जानकी म्हणाली.

इतकं मनापासून म्हणाली की दोघं-तिघं फिस्सकन हसले. मलाही हसू फुटलं असतं, पण डोळे भरून आले होते. मी पुढे बोललो. "ह्या गावची पोरां एक एक करून गेली. एक ऱ्हवाक बघता. तिका ऱ्हवांदे, म्हाराजा."

आणि मग हौसाबाई. दोन्ही मुलगे मुंबईत, वर्षातून एकदा चतुर्थीला येतात, आणि गुरुवारपासून तिची टोपली निम्मी तशीच घरी परत जात होती. मॉलला सगळ्यात जास्त शिव्या तिनेच घातल्या होत्या. तिने पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि म्हणाली, "व्हय म्हाराजा." तिच्यानंतर एकेक करत बाकीचे म्हणाले. काही मोठ्याने, काही नुसतेच ओठांनी.

गंगाराम म्हणाला नाही. बाहेर आल्यावर त्याने मला गाठलं. "देवाक दिलेलो शबूद म्हणजे दुकानातलो माल नाय, परत घेवक. माझा व्हय नाय, परशा." आणि गेला. त्याचं चुकलं असं मी म्हणणार नाही. वह्या-पेनं आता मॉलमध्ये त्याच्या खरेदीच्या भावात मिळतात.

तन्वीने तिकीट रद्द केलं. सोमवारी निळा शर्ट घालून सायकलवरून गेली, भर बाजारातून, साडेनऊला. मी दुकानातून बघत होतो. पहिल्या पायरीवर ती थोडी थबकली, मग तिन्ही चढून आत गेली. माझं दुकान दिवसभर रिकामंच होतं. माझ्याच पोरीने आज माझ्या किती गिऱ्हाइकांची बिलं केली असतील, हा विचार डोक्यातून जाईना, आणि ती सहाला घरी येणार म्हणून बरंही वाटत होतं. बसलो की उठत होतो, उठलो की बसत होतो.

गंगाराम गेली पंचवीस वर्षं रोज चार वाजता माझ्याकडे चहाला येतो, दोन पायऱ्या चढून आतल्या बाकड्यावर बसतो. शनिवारी आला नव्हता. रविवारीही आला नाही. तरी त्या सोमवारी जानकीने सवयीने दोन कप बाहेर आणून ठेवले.

चार वाजून गेले. सव्वाचारला बघतो तर गंगाराम समोर उभा. पायरीच्या खाली, रस्त्यावर, उन्हात. वर यायचं नाव नाही. माझ्याकडे न बघता त्याने हात पुढे केला.

"चाय हयसरच दी," तो म्हणाला.

मी त्याचा कप त्याच्या हातात दिला. मग माझा कप घेतला, दोन पायऱ्या उतरलो आणि त्याच्या शेजारी रस्त्यावर उभा राहिलो.