एक्केचाळीस आणि त्रेचाळीस

"सोताचा घर बरोबर वाचवला त्यानी. काठी त्याच्याच हातान हाय ना."

गिरणीचा पट्टा नेमका तेव्हाच घसरला नसता तर हे वाक्य मैनाच्या कानावर पडलंच नसतं. चक्की चालू असली की बायका एकमेकींच्या कानाशी लागून ओरडत बोलतात, आणि तिसरीला त्यातलं काही ऐकू जात नाही. पट्टा घसरला, घरघर थांबली आणि किशोरीचं वाक्य पिठाच्या धुरळ्यात एकटंच उभं राहिलं. किशोरी मैनाची शेजारीण. दोघींच्या पडव्यांमध्ये एका माणसाला आडवं होऊन जाता येईल एवढाच बोळ. तिने पटकन आपल्या डब्याचं झाकण उघडून आत पाहिलं, जणू पिठात काही हरवलं होतं. जिच्याशी ती बोलत होती त्या कोमलने सावरून घेतलं.

"काकी, वड्यांचा पीठ जाड काढाचा का बारीक?"

"जाड," मैना म्हणाली.

चार दिवसांवर मैनाच्या लेकीची, समृद्धीची हळद आली होती. गावात हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. वडे, मटण, बँजो, आणि गाव झाडून हजर. पण या खेपेला गाव कसं अवघडल्यासारखं वागत होतं. कोमलच्या पोरांची अचानक परीक्षा निघाली. मांडव घालणार होता तो भावेश. त्याची कंबर धरली होती, आणि ती धरलेली कंबर घेऊन तो काल खांदा कॉलनीत मोटरसायकलवरून फिरताना मैनाने स्वतः पाहिला होता.

कारण होतं नव्या हमरस्त्याचं. खाडीच्या बाजूने तो निघणार, भातखाचरं तुडवत डोंगराला भिडणार, बोगद्यातून वर मावळात बाहेर पडणार आणि पुढे सपाट मुलखात सरळ सुटणार, असं म्हणत. म्हणणारे सगळे नकाशा पाहिल्यासारखे बोलत. पण त्या वाटेवरून खरोखर पायी चाललेला गावात एकच माणूस होता, मैनाचा नवरा, विठू घरत.

विठू सर्व्हेवाल्यांकडे कंत्राटी कामाला. काम एकच. लाल-पांढऱ्या पट्ट्यांची उंच काठी साहेब सांगेल तिथे नेऊन उभी धरायची. काठीला एक छोटी काच, काचेत पाण्याचा बुडबुडा. बुडबुडा मधोमध आला की काठी सरळ. मग दूर उभा असलेला साहेब यंत्राला डोळा लावतो, आकडा घेतो, हात हलवतो. की पुढची जागा. एकोणतीस वर्षं विठूने हेच केलं. चिखलात धरली, कड्यावर धरली, एकदा गांधीलमाश्या उठल्या तेव्हाही सोडली नाही. यंत्रातून काय दिसतं ते मात्र त्याने कधी पाहिलं नाही. कुणी पाहा म्हटलं नाही आणि त्याने विचारलं नाही.

पण हे गावाला कोण सांगणार? गावाच्या लेखी काठी ज्याच्या हातात, रस्ता त्याच्या हातात. त्यात आठ दिवसांपूर्वी कंपनीची माणसं घरांच्या भिंतींवर लाल रंगाने आकडे टाकून गेली. लोक म्हणत, "आमचा नंबर पडला." लॉटरीचा पडावा तसं म्हणत. कुणी म्हणे "लाइन आली", कुणी म्हणे "आमी सर्व्हेन बसलो". त्यापुढचं क्रियापद कुणाच्याच तोंडात येत नव्हतं. त्याऐवजी एकच विषय सगळ्यांना पुरत होता, विठूच्या भिंतीवर आकडा नाही.

खरं सांगायचं तर संशय मैनालाही होता. आकडे पडले त्या दोन दिवसांत ती हळदीची आमंत्रणं करत बहिणीकडे बेलपाड्याला राहिली होती. परत आली तर दाराशेजारची भिंत नवी गुलाबी. एकोणतीस वर्षांत विठूने घरात ब्रश हातात धरला नव्हता. दिवाळीला रंग द्यायचा तोही मैनाने, स्टुलावर चढून. त्याच गुलाबीवर दुसऱ्या दिवशी केतन पेंटर येऊन सुबक अक्षरांत 'शुभविवाह, चि. सौ. कां. समृद्धी आणि चि. जीवन' लिहून गेला. मैनाला वाटलं होतं, लेकीच्या मायेने केलं असेल. पण आपला नवरा माया अशी पातळ करून भिंतीला लावणाऱ्यांतला नाही, हेही तिला ठाऊक होतं. साहेबाच्या हातापाया पडला असेल का? लाइन थोडी सरकवून घेतली असेल का? चार दिवस ती त्याच्या ताटात भात वाढताना त्याच्या तोंडाकडे बघत होती. तोंड होतं तसंच होतं, उन्हाने करपलेलं आणि बंद.

पिठाचा डबा डोक्यावर घेऊन ती घराकडे वळली. किशोरीच्या भिंतीपाशी आली आणि पहिल्यांदाच तिने तो आकडा नीट वाचला. एक्केचाळीस. शेजारी आपली गुलाबी भिंत. पलीकडे भावेशची. त्रेचाळीस.

मैना थांबली. डब्यावरचा हात तसाच राहिला.

सातवीपर्यंतच शिकली होती ती, पण एक्केचाळीसनंतर त्रेचाळीस येत नाहीत एवढं कळायला सातवीही लागत नाही. गाव आठ दिवस या भिंतींसमोरून येत-जात होतं. पण प्रत्येकाने आपापलाच आकडा वाचला होता, आणि विठूच्या भिंतीवर जे नाही तेवढंच पाहिलं होतं.

तिने डबा ओट्यावर ठेवला, इकडेतिकडे पाहिलं आणि 'समृद्धी'च्या खालच्या अंगाला अंगठ्याच्या नखाने खरवडलं. गुलाबी पापुद्रा निघाला. खाली लाल.

विठू पाचच्या सुमाराला आला. मोरीवर पाय धूत होता.

"रंग बरा दिलात भिंतीला," मैना म्हणाली.

"लगनाचा घर हाय. रंग नको?"

"आन रंगाखाली काय हाय?"

विठूने तांब्या भरला, उजव्या पायावर ओतला. पुन्हा भरला, पुन्हा त्याच पायावर ओतला.

"तुमी काठी कुठं धरली व्हती?"

"सायेब बोलला, दारान धर. धरली."

"आपल्या दारान?"

"बुडबुडा मधी आनला. अर्ध्या मिन्टाचा काम."

"आन बोलला नाय त्याला, का ह्या घर माजा हाय?"

"बोललो ना." विठूने पहिल्यांदा वर पाहिलं. "अरे वा, बोलला, मंग चाय तरी पाज. पाजली."

मैना मोरीच्या कट्ट्यावर बसली. चार दिवस जपलेला संशय असा एकदम हातातून गेला आणि हात रिकामे झाले, तर त्यांचं करायचं काय ते तिला कळेना. नवऱ्याने काही केलं असतं तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात येऊन गेलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

"गावाला सांगा. लोका आपल्याला चोर समजतान."

"समजूं दे. हलद होऊं दे आदी." तो टॉवेलने पाय पुसत राहिला. "पोरीच्या हलदीला लोका हसाला आली पायजेत, मैने. नायतर नाय आली तरी चालंल. रडाला नकोत. ह्या घर आपला…"

तो थांबला. मैनाही थांबली. दारात समृद्धी उभी होती, मेंदीचे कोन हातात घेऊन.

"मना ठाव हाय, आये," ती म्हणाली. "बाबा रंग देत व्हते तवा मीच डबा धरलेला."

मग तिघंही स्वयंपाकघरात गेली आणि वड्यांना किती किलो पीठ लागेल यावर बराच वेळ बोलली.

हळदीच्या दुपारी मांडवात लाल खुर्च्या होत्या दीडशे. भरल्या होत्या तीस-बत्तीस, त्याही बेलपाड्याच्या आणि उरणच्या पाहुण्यांनी. गावातलं म्हणायला गोदूआजी आली होती. ती धवलारीण, तिच्या गाण्यावाचून गावातलं लग्न लागत नाही, आणि रुसवेफुगवे तिला वयामुळे ऐकूही येत नसत. हळकुंडं कुटायला उखळ मांडलं. मुसळाला आंब्याचा डहाळा बांधला. मैनाची बहीण, दोन नणंदा आणि नाही-नाही म्हणत आलेली कोमल, अशा चौघी उभ्या राहिल्या.

"पाचवी?" गोदूआजीने विचारलं.

"आजी, माजी जाऊ चालंल का?" मैनाची बहीण म्हणाली.

"ना. पाचवी शेजारघरची. पोरीला पयल्यांदा जिनी कडेवर घेतला ती. तिच्याबिगर मी तोंड उघडाची नाय." आणि तिने खरोखरच तोंड मिटून घेतलं.

समृद्धीला पहिल्यांदा कडेवर घेतलं होतं ते किशोरीने. दवाखान्यातून आणली तेव्हा, रिक्षातून उतरवून. आता किशोरी आपल्या ओट्यावर बसून कोळंबी सोलत होती. घरात पाहुणे नव्हते, तरी मोठी परात भरून.

मैना मांडवाच्या कडेला गेली. "किशोरी, ये. पोर पाटावर बसलीय."

"मी कनाला?" किशोरीने मान वर केली नाही. "ज्यांची घरा वाचली त्यांनी हलद कुटावी. आमी नंबरवाली मानसा. आमचा काय."

बँजोवाले सूर लावत होते ते थांबले. मांडवातल्या माना वळल्या. भावेशही कंबर विसरून आपल्या दारात येऊन उभा राहिला होता. पाटावर बसलेल्या समृद्धीने बापाकडे पाहिलं. उरणचे पाहुणे एकमेकांकडे बघू लागले, कसला नंबर, कुणाचं घर. मैनाच्या ओठांवर शब्द आला होता. पण तो शब्द तिचा नव्हता, म्हणून ती नवऱ्याकडे वळली.

विठू पिंपातून पाण्याची कळशी भरून आणत होता. त्याने ती खाली ठेवली, सांडू नये म्हणून नीट टेकवली, आणि मांडवाबाहेर किशोरीच्या ओट्यापर्यंत चालत गेला. या माणसाला चारचौघांत बोलताना गावाने फारसं ऐकलं नव्हतं. आवाज बारीकच निघाला, पण मांडव गप्प होता.

"किशोरी, आमचा पन नंबर हाय. पोरीचा नाव लिवाचा व्हता म्हनून मीच रंग मारला त्याच्यावर." त्याने आपल्या गुलाबी भिंतीकडे हात केला. "ह्या घर जानार. तुजा जानार, भावेशचा जानार. आपल्या सगल्यांची घरा जानार, बाय. चल, हलद ह्याच दारान होऊं दे."