डेल्बर्टचा मोजा

नवरा डेल्बर्ट गेल्यावर दोन महिन्यांनी व्हर्नाच्या परसात लाल कार्डिनल पक्षी आला. गेलेलं माणूस लाल पक्षी होऊन भेटायला येतं, हे ओहायोत शेंबड्या पोरालाही माहीत असतं. "आलास?" एवढंच ती म्हणाली आणि रडली.

तेव्हापासून तिने त्याची बडदास्त ठेवली. खारी सहसा तोंड लावत नाहीत म्हणून करडईच्या बिया, थंडीत गोठू नये म्हणून विजेवर तापणारं पाण्याचं भांडं, ससाण्यापासून लपायला दाट झुडूप. जिवंतपणी डेल्बर्टची इतकी सरबराई कधी झाली नव्हती.

पण पक्षी कुंपणापलीकडे लोरीनच्या अंगणातही जेवायला जाऊ लागला आणि व्हर्नाचा जीव खालीवर झाला. लोरीनही विधवाच होती.

"तो माझा क्लाइड आहे," लोरीनने सांगून टाकलं.

"क्लाइडला जाऊन सात वर्षं झाली. इतके दिवस काय वाट चुकला होता?"

"मग डेल्बर्ट कशावरून?"

उत्तर पक्ष्यानेच दिलं. फेब्रुवारी संपता संपता त्याला डेल्बर्टच्या जुन्या ट्रकच्या आरशात स्वतःचं रूप दिसलं. दुसरा नर समजून तो तासभर त्याच्याशी झुंजत राहिला.

"बघ," व्हर्ना म्हणाली, "कारण नसताना भांडतोय. आता बोल."

क्लाइडने जन्मात कुणाशी वाद घातला नव्हता.

बिचाऱ्याची चोच फुटायची, म्हणून व्हर्नाने आरशावर मोजा चढवला. इथे सगळेच चढवतात. पण हा डेल्बर्टचा शेवटचा, न धुतलेला, तिच्या उशीखालचा मोजा होता. तो बर्फात सोडताना तिला फार जड गेलं.

पक्षी शांत झाला. दाण्यांच्या थाळीवर बसला, एक बी सोलली आणि शेजारी येऊन बसलेल्या तपकिरी मादीला चोचीने भरवली. मग आणखी एक.

"चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात डेल्बर्टने तुला पाण्याचा पेला तरी दिला का गं?" लोरीन कुंपणावर रेलून म्हणाली. "मान्य कर, हा क्लाइडच."

व्हर्नाला त्या मादीचा चक्क हेवा वाटत होता.

"डेल्बर्टच आहे," ती म्हणाली. "शिकला शेवटी. मला सोडून गेल्यावर शिकला."

आणि तिने थाळीत दोघांना पुरतील इतक्या बिया ओतल्या.